पहिल्याच चुकीवर व्हॅलिडेशन (फाइलमधल्या माहितीची तपासणी) थांबतं. सगळ्या चुका एकदम कशा दाखवू?

एक्सेप्शन (चूक दिसताच काम तोडणारा इशारा) फेकलंत की गाडी तिथेच थांबणार. त्यापेक्षा प्रत्येक तपासणीने आपली चूक एका यादीत टाकून पुढे जावं. नुसतं ‘पिन चुकला’ नको. ‘ओळ 41, पत्ता, पिन 45200: 6 अंक हवेत’ असा ठावठिकाणा हवा. अंकच कमी असतील तर पिन इंदूरच्या 452ने सुरू होतो का, हे विचारूच नका. नाहीतर एका चुकीच्या दोन तक्रारी.

यादी मात्र दर फाइलला नवी. मी ती क्लासवरच ठेवली होती, म्हणजे सगळ्या फाइलींना मिळून एकच. राजवाड्याजवळच्या एका दुकानाच्या रिपोर्टात आदल्या दुकानाच्या चुका उगवल्या. शेठजी फोनवर असे तापले!

पायथन वापरत असाल तर पायडँटिक ही लायब्ररी (तयार कोडचा संच) हे सगळं जागेसकट गोळा करून देते.