बेंचवर शेजारी कोण बसतंय?

गेल्या महिन्यात शाळा, जात आणि माध्यम यावर दोन ओळी लिहिल्या होत्या, तर सातारा-सांगलीकडनं एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. त्यातली पाच घेतलीत. नावं आणि गावं मुद्दाम काढलीत, कारण गावात लगेच ओळखतात. मी एकतीस वर्षं कोरेगाव आणि खटाव तालुक्यात झेडपीच्या शाळांवर होते, त्यामुळे जे सांगतेय ते बरंचसं तिथलंच आहे.

बाई, आमचं गाव कऱ्हाड तालुक्यात. माझ्या वेळी झेडपीच्या शाळेत शंभरावर पोरं होती, आता बत्तीस राहिलीत. परवडतं त्यांची पोरं सकाळी पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला जातात, शाळेत राहिलीत ती वस्तीवरची, मजुरांची आणि आमच्यासारखी एकदोन घरं. मुलगा दुसरीत आहे, मिस्टर म्हणतात पुढच्या वर्षी काढूया. मला वाटतं सगळ्यांबरोबर शिकावा, पण सासूबाई म्हणतात पोराचं नुकसान करून समता कशाला. काय करू?

ताई, सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, तो मी टाळणार नाही. पोराला पणाला लावून कुणी समता आणायची नसते. म्हणून आधी एक काम करा, शाळेत जाऊन तासभर मागं बसा. पोरगं न शिकवलेलं पान वाचतंय का, हातच्याची वजाबाकी समजून करतंय का, आणि बाईंना प्रश्न विचारताना घाबरतंय का, एवढं बघा. मग बसवाल्या शाळेतल्या दुसरीच्या पोराला घरी बोलावून तेच करायला लावा. बरेचदा निकाल आपल्याला वाटतो तसा लागत नाही. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट, ऐकलं असेल तुम्ही, तिथल्या झेडपीच्या शाळांचं रचनावादी शिकवणं, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायचं, ते बघायला राज्यभरातनं शिक्षक यायचे, आणि त्या साध्या गावातल्या शाळा होत्या.

आता शाळा पडते कशी ते सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, साठच्या वर गेली की तिसरा. म्हणजे पट घसरला की पद जातं, पद गेलं की एकेका बाईकडं दोन-दोन तीन-तीन वर्ग, मग शिकवणं पातळ होतं आणि ते बघून आणखी दोन घरं पोरं काढतात. ह्यात एक गोष्ट कोण बोलत नाही. जे आधी गेले ते गावात बोलू शकणारे लोक होते, सरपंचाला फोन लावणारे, पंचायत समितीत जाऊन बसणारे. ते गेले की शाळेच्या गळक्या छपराबद्दल भांडायला कोणी उरत नाही.

तुम्ही उरलाय. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, हे त्याच कायद्यात आहे. बहुतेक गावात ती समिती सहीपुरती असते, रजिस्टर घरी येतं आणि बाई सही करून देते. तुम्ही मीटिंगला जाऊन बसा. सेमी इंग्रजी सुरू करा म्हणा, झेडपीच्या शाळांत ते चालतं, बरेच पालक फक्त त्यासाठीच बाहेर पडतात.

आणि एक माझी चूक सांगते. कोरेगावकडं असताना मी चौथीला हुशार पोरं पुढं आणि कच्ची मागं असं बसवायची, सगळेच बसवायचे, त्यात वावगं वाटायचं नाही. एकदा तपासणीला साहेब यायचे होते म्हणून रांगेनं नावं लिहून काढत होते आणि लिहिता लिहिता हात थांबला. मागची अख्खी रांग एकाच वस्तीची होती. मी कधी जात बघून बसवलं नव्हतं, तरी तसंच झालं होतं, कारण ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कोण नाही ती मागं पडत गेली आणि मी त्यांना आणखी मागं ढकलत गेले. त्या रात्री झोप लागली नाही मला. सोमवारी खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, ज्याची जोडी निघेल त्याच्याशेजारी आठवडाभर बसायचं. एक आई भांडायला आली, माझ्या पोरीला कुणाजवळ बसवताय म्हणून. मी म्हटलं सोमवारी परत चिठ्ठ्या आहेत. पण पोरगी घरी जाऊन काय बोलली ते तिनंच मला नंतर सांगितलं, आई माझ्या शेजारचीला माझ्यापेक्षा जास्त पाढे येतात, मग तिला मागं का बसवलेलं?

ताई, असा प्रश्न पडायला ती शेजारची पोरगी आधी वर्गात असावी लागते. पिवळ्या बसमध्ये ती नसते. निर्णय तुमचाच, पण तासभर बसून बघितल्याशिवाय घेऊ नका.

वाळवा तालुक्यात शिक्षक आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पोरं शाळेच्या कुंपणाला लागून खेळत असतात. दाखला नाही, आधार नाही, मार्चला परत जाणार म्हणून वरिष्ठ म्हणतात कशाला घेताय. नियम काय आहे?

सर, नियम तुमच्या बाजूनं आहे. दाखला यायला उशीर होतो म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, आणि पोरगं कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं. सहा ते चौदा वयाच्या सगळ्यांसाठी हे आहे. ते पोरगं बीडचं असो नाहीतर जतचं, वर्षात चार महिने असो का दहा. वरिष्ठांना तोंडी सांगू नका, प्रवेश देऊन तसं पत्र द्या.

कागदापेक्षा अवघड पुढचं आहे. थोरली पोरगी आली की कडेवर धाकटं भावंड असतं, त्याला बाहेर काढलंत तर तीही जाते. माझ्या वर्गात दोन हंगाम एक दीड वर्षाचं बाळ रांगत होतं, फळ्याखाली झोपायचं, काय बिघडलं नाही. दुसरं म्हणजे बोलीला हसणं. ते पहिल्याच दिवशी थांबवा. आणि त्या पोरांना गणित येत नाही असं धरून चालू नका. एक दहा वर्षाचा मुलगा होता, अंक लिहिता येत नव्हते पण बापानं आज किती मोळ्या बांधल्या, त्याचं अंदाजे वजन किती भरेल आणि मुकादमाच्या उचलीतले किती फिटले हे तोंडी सांगायचा. मी त्याला फळ्यापुढं उभं करून मोळ्यांची गणितं घालायला लावली. बागायतदारांची पोरं, ज्यांच्या रानात त्याचे आईबाप तोडत होते, ती वहीत आकडे मांडत बसलेली आणि तो उत्तर बरोबर का चूक ते सांगतोय. त्यानंतर मधल्या सुट्टीत त्याला खेळायला कोण बोलवत नाही असं झालं नाही.

जाताना मात्र त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे गावाकडच्या शाळेत परत पहिल्यापासून सुरुवात नको.

मी साताऱ्यात नववीला आहे. राज्यशास्त्राला मार्क कमी असतात म्हणून क्लासमध्ये सर ते घेतच नाहीत. मग त्याचा उपयोग काय?

बाळा, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते. तू शहरात राहतोस, पण आजोळ, मामाचं गाव असेलच कुठंतरी. सुट्टीत गेलास की जाऊन मागं उभा राहा, मत नाही देता येणार पण ऐकायला कोण अडवत नाही. पाण्याचा टँकर कुठल्या वस्तीला आधी जातो, घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव आलं आणि ते कोणी वाचून दाखवलं, बोलायला कोण उठतं आणि कोण दाराशीच उभं राहतं, एवढं वहीत लिहून आण आणि सरांना दाखव.

सांगलीत रिक्षा चालवतो. मुलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून चांगल्या खाजगी शाळेत नंबर लागला. शाळेत तिला आरटीईवाली म्हणतात, स्नेहसंमेलनाला घेतलं नाही, एकदा फी भरणाऱ्यांचे बेंच वेगळे केले होते. भांडलो तर पोरीला त्रास होईल अशी भीती वाटते.

दादा, तुमची भीती खरी आहे, पण एक पक्कं डोक्यात ठेवा. ही शाळेनं तुमच्यावर केलेली मेहेरबानी नाही. त्या जागांचे पैसे सरकार देतं, आणि त्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही असं कायद्याखालच्या नियमात स्पष्ट आहे. मुलाला मानसिक त्रास द्यायलाही कायद्याची बंदी आहे. २०२४ मध्ये तर जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला हे प्रवेश देणं बंधनकारक नाही असा नियम आपल्या राज्यात काढला होता, पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. म्हणजे तुमच्यासारखेच आईबाप भांडले म्हणून ही जागा शिल्लक आहे.

बेंच वेगळे केल्याचं वाचलं आणि मला साताऱ्याचंच आठवलं. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब इथल्या राजवाड्यातल्या शाळेत दाखल झाले, तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. लहानपणीच्या शाळेबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि तो परत घरी आणायचा, आणि नळाला हात लावायची परवानगी नाही म्हणून शिपाई नसला की पाणी नाही. आपण हे भाषणात दरवर्षी सांगतो आणि आपल्याच भागातल्या शाळेत बेंच मोजून वेगळे होतात, ह्याचा मला फार राग येतो.

आधी वर्गशिक्षिकेला एकट्यानं भेटा, शांतपणे. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, तारीख घाला आणि पोच घ्या. मग महापालिकेच्या नाहीतर झेडपीच्या शिक्षण विभागाकडं. तक्रारीवर तीन महिन्यात निर्णय द्यायला लागतो, त्याच्यावर राज्य बालहक्क आयोग आहे. एकटे जाऊ नका, त्याच शाळेत २५ टक्क्यांतले आणखी पालक असणार, चारपाच जणांनी मिळून सही करा. पोरीचं नाव मोठं करू नका, वर्गात काय घडलं ते लिहा. आणि घरी तिला सांगा की तू रांगेत नंबर लावून आत आलीस, कोणाच्या मागच्या दारानं नाही.

वय ७८. पलूस तालुका. रयतच्या बोर्डिंगात शिकलो, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसायचो, एकमेकाची ताटं घासायचो. आता ज्याच्या त्याच्या जातीची वसतिगृहं, ज्याच्या त्याच्या ऐपतीच्या शाळा. ते सगळं संपलं का?

आबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आणली, त्याच्याही आधी तुमच्या सांगलीकडं दूधगावात त्यांनी हाच प्रयोग केलेला. साताऱ्यातल्या बोर्डिंगची शेगडी विझू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. तिथं जातीवर व्याख्यान नव्हतं, पीठ मळायची पाळी होती, पाणी भरायची पाळी होती, आणि पाळी जात बघून लागत नव्हती. पोरगं अख्खं वर्ष दुसऱ्यानं भाजलेली भाकरी खात राहिलं की सुट्टीत घरी गेल्यावर आईला त्याला विटाळ समजावणं जड जायचं. तुमच्या आईला गेलं असेल बहुतेक.

जातवार वसतिगृहांबद्दल मात्र मी तुमच्याएवढी कडक नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी समाजासमाजाची वसतिगृहं काढली तेव्हा ज्यांना शहरात कोण खोली देत नव्हतं ती पोरं त्यामुळेच शिकली. आजही गावाकडच्या कितीतरी मुलींना तेवढाच आसरा आहे. दार बंद करू नये, पंगत एक करावी, असं मला वाटतं.

आणि पंगत अजून आहे. रोज दुपारी प्रत्येक झेडपीच्या शाळेत पोषण आहाराला पोरं मांडी घालून बसतात. पण खटाव तालुक्यात मी एक पोरगं बघितलं होतं, आई पाठवत नाही म्हणून ते डबा घेऊन व्हरांड्याच्या टोकाला एकटंच बसायचं, कारण खिचडी शिजवणारी बाई वस्तीतली होती. मी पंधरा दिवस माझं ताट घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसले, खिचडीच खाल्ली, त्याला एक शब्द बोलले नाही. सोळाव्या दिवशी त्यानं माझ्या ताटातला बटाटा उचलला.

तुमच्या गावच्या शाळेत कोण टोकाला बसतंय का बघून या आबा. दुपारी जेवणाच्या वेळेला जा, आधी हेडमास्तरांना फोन करा, आणि स्वतःचं ताट न्या. बोर्डिंगातलं असेल अजून जपून ठेवलेलं तर तेच.