ग्वाश सुरू करताय? आधी एवढंच बघा

स्वागत! ग्वाश म्हणजे पाण्यात मिसळायचा, पण जलरंगासारखा पारदर्शक नसलेला रंग. मोठा संच घेऊ नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात की पिवळा, लाल, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि पांढरा, बस. पांढरी ट्यूब मात्र मोठी घ्या, तीच सगळ्यात आधी संपते. सरावाला पोस्टर कलरही चालतील. कागदावर काटकसर नको. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो.

नवीन माणूस अडकतो तो पाण्यापाशी. जलरंगाची सवय असली की रंग पातळ होतो, खालचा कागद दिसतो, पट्टे उमटतात. ट्यूबमधून थेट जाड थापला तर वाळल्यावर भेगा पडतात. घोटलेल्या दह्याइतका दाटपणा हवा.

आणि हे नीट लक्षात ठेवा: वाळलेला ग्वाश पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. म्हणून खालचा थर पूर्ण वाळू द्या, ब्रशात पाणी कमी ठेवा, एकदा फिरवा आणि सोडा. घासत बसलात की चिखल झालाच. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ लागतो, घाई करू नका.

वाळल्यावर फिके रंग थोडे गडद होतात, गडद रंग फिकटतात. आधी कागदाच्या तुकड्यावर लावून बघा.

पहिला विषय? सकाळी पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यात जा. काळा पाषाण, खांब, ऊन-सावली. निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद करडा मिळेल. त्यात पांढरा वाढवत चार-पाच छटांत अख्खं चित्र करा. ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशाने रंगवणं) वगैरे नंतर बघू. झालं की चित्र नक्की दाखवा, जसं जमेल तसं.