राजीनामा द्या, पण रिफंड आल्यावर

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. मुलगी ११ वर्षांची. ७ वर्षांचा मुलगा महाराष्ट्रातल्या संस्थेतून दत्तक घेतला. आदेश २०२५ मध्ये झाला आणि ऑक्टोबरात तो घरी आला. एकूण खर्च ३८,००० डॉलर, त्यातले १४,००० माझ्या ४०१के या निवृत्ती बचत खात्यावर कर्ज काढून भागवले. नवऱ्याचा पगार १,१५,०००, माझा ७८,०००. आफ्टर-स्कूल केअर वगळून घरखर्च महिना ६,९००. दोघांनाही घरीच शिकवायचं म्हणून पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडतेय. परवडेल का?

उत्तर: परवडेल, पण पुढच्या महिन्यात नाही. तुमचा निर्णय मला पटतो. सातव्या वर्षी देश, भाषा आणि घर एकदम बदललेल्या मुलाला आईचा दिवसभराचा सहवास मिळणं मोलाचं आहे. मात्र आधी काय आणि नंतर काय, यावर तुमचे काही हजार डॉलर अवलंबून आहेत.

आधी खरा तोटा किती ते पाहू. ७८,००० पगारातले २०२५ च्या दरांनी फेडरल करात सुमारे १५,८०० आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरमध्ये सुमारे ६,००० जातात. टेक्ससला राज्याचा आयकर नाही. हातात येतात ५६,०००. दोन मुलांची केअर आणि उन्हाळी कॅम्प यांचे १२,००० वाचतील असं धरलं, तर घर दरवर्षी सुमारे ४४,००० ला मुकतं. कंपनी ४०१केत स्वतःचा वाटा (मॅच) टाकते, तो जातो तो वेगळा.

आता दत्तक खर्चाचं टॅक्स क्रेडिट. २०२५ साठी एका मुलामागे कमाल १७,२८० डॉलर. परदेशातून घेतलेल्या मुलासाठी दत्तक अंतिम झाल्याशिवाय ते मागताच येत नाही. तुमचा आदेश २०२५ चा, म्हणून फॉर्म ८८३९ २०२५ च्या रिटर्नसोबत जाईल. यातले ५,००० कर नसला तरी परत मिळतात, उरलेले १२,२८० फक्त भरायच्या करातून वजा होतात. २०२५ मध्ये दोन पगार होते. चाइल्ड टॅक्स क्रेडिट वजा करूनही तुमचा कर सुमारे २१,००० होतो, म्हणजे सगळं क्रेडिट एकाच वर्षात वसूल होतं. एकट्या पगारावर कर जेमतेम ५,१०० असता आणि तीच रक्कम वळती व्हायला तीन वर्षं लागली असती. विमानभाडं, तिथला मुक्काम, वकील, एजन्सीची फी हे सगळं खर्चात धरता येतं, तेव्हा पावत्या एकत्र करा. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर अजून आला नसेल तर रिटर्न घाईने भरू नका. फॉर्म ४८६८ भरून मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवून घ्या. मुदतीआधी नंबर मिळाला नाही तर त्याचं २,२०० चं चाइल्ड टॅक्स क्रेडिट बुडतं. दोघांपैकी कुणाच्या कंपनीत दत्तक साहाय्य योजना असेल तर नोकरीत असतानाच अर्ज करा. मात्र तिथून मिळालेल्या खर्चावर पुन्हा क्रेडिट मागता येत नाही.

रिफंड आला की पहिल्यांदा ते १४,००० फेडा. अनेक प्लॅनमध्ये नोकरी सुटली की उरलेलं कर्ज खात्यातून वळतं करतात. तेवढी रक्कम रिटर्नच्या मुदतीपर्यंत आयआरएत (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) भरली नाही, तर ती उचल समजून त्यावर आयकर आणि वर १० टक्के दंड बसतो. तुमच्या बाबतीत हे ३,००० ते ४,५०० डॉलर होतात. दत्तक अंतिम झाल्यापासून वर्षभरात प्रत्येक पालकाला ५,००० पर्यंत दंडाशिवाय काढता येतात, पण कर लागतोच. रिफंड येणार असताना त्या पैशाला हात लावू नका. कंपनीच्या मॅचची व्हेस्टिंग तारीखही (ते पैसे पूर्णपणे तुमचे होण्याची) पाहा. काही आठवडे थांबल्याने हजारो डॉलर तुमच्या नावावर राहू शकतात.

आता मला खरी काळजी आहे त्या मुद्द्याकडे येतो. नवऱ्याच्या पगारातून कर जाऊन सुमारे १,०१,००० उरतात. घरखर्च ८२,८००. आरोग्यविमा त्यांच्या कंपनीकडे हलवल्यावर महिना ६५० धरले तर ७,८००. शिल्लक साधारण १०,५००, आणि तीही त्यांनी ४०१केत एक डॉलर न टाकता. मुलाला स्पीच थेरपी लागली आणि आठवड्याला दोन सत्रं, सत्राला १२० डॉलर पडले, तर ४८ आठवड्यांचे ११,५२० होतात. अख्खी शिल्लक तिथेच संपते. पुस्तकं आणि अभ्यासक्रमाची चिंता सगळे करतात. तो खर्च ताब्यात ठेवता येतो, थेरपीचा नाही.

सरकारी शाळेत हीच थेरपी आणि नवीन इंग्रजी शिकणाऱ्यांचा वर्ग फुकट आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला त्या सेवांचा वैयक्तिक हक्क राहत नाही. म्हणून मुलाला काढण्यापूर्वी शाळेकडे मूल्यमापनाची लेखी मागणी करा. टेक्ससमध्ये शाळेला १५ शालेय दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि तुमच्या संमतीनंतर साधारण ४५ शालेय दिवसांत मूल्यमापन पुरं करायचं असतं. चाचणी मराठीतही व्हावी असं अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर इंग्रजी न येणं आणि बोलण्यातली अडचण यांची गल्लत होते. अहवाल हातात आला की थेरपीचा आकडा अंदाजाचा राहत नाही. विम्यातून वर्षाला किती सत्रं मिळतात, तेही तेव्हाच विचारा.

टेक्सस राज्याच्या नव्या शैक्षणिक अनुदान योजनेतून (एज्युकेशन फ्रीडम अकाउंट) घरी शिकणाऱ्या मुलामागे वर्षाला २,००० पर्यंत मिळू शकतात. ३०,००० चा जो आकडा ऐकू येतो तो खासगी शाळेत जाणाऱ्या अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आहे. अर्जाला नागरिकत्वाचा किंवा देशातल्या कायदेशीर प्रवेशाचा पुरावा लागतो. मुलगा आयएच-३ व्हिसावर (दत्तक परदेशातच पूर्ण झालेल्या मुलांचा व्हिसा) आला असेल तर तो इथे उतरताच नागरिक झाला. प्रमाणपत्र टपालाने येतं, ते जपून ठेवा आणि त्याचा पासपोर्ट काढा. ५२९ या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून होमस्कूलिंगचा खर्च करण्याआधी सीपीएकडून (परवानाधारक लेखापालाकडून) लेखी मत घ्या: कायद्यात शाळेतल्या प्रवेशाची अट आहे, आणि चुकीच्या उचलीत नफ्यावर कर आणि १० टक्के दंड लागतो. शिक्षकांची ३०० डॉलरची वजावट घरी शिकवणाऱ्या पालकांना नाही.

दत्तकानंतर भारताला पाठवायच्या अहवालांची फीही अंदाजपत्रकात धरा: पहिल्या वर्षी दर तिमाहीला एक, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला एक, एकूण सहा.

तुमच्या स्वतःच्या हक्कांकडे तुमच्या पत्रात लक्षच गेलेलं दिसत नाही. सोशल सिक्युरिटीच्या स्वतःच्या पेन्शनला ४० क्रेडिट (कमाईवर मिळणारे गुण, वर्षाला कमाल चार) लागतात, म्हणजे १० वर्षांचं काम. तुमची किती झाली ते सरकारी संकेतस्थळावरच्या खात्यात दिसेल. नोकरी पूर्ण सोडल्यावर साधारण पाच वर्षांत अपंगत्व विम्याचं संरक्षणही संपतं. २०२५ मध्ये वर्षाची चारही क्रेडिट ७,२४० डॉलरच्या कमाईत मिळत होती. हा आकडा दरवर्षी थोडा वाढतो. म्हणून अर्धवेळ कामाचं कंपनीशी बोलून पाहा. महिना हजार डॉलर मिळाले तरी क्रेडिट चालू राहतात आणि थेरपीचा खर्च निघतो. शिवाय नवऱ्याच्या कमाईवर तुमच्या नावाच्या आयआरएत २०२६ साठी ७,५०० पर्यंत भरता येतात.

मुलीला या वर्षी शाळेतून काढू नका. तिची शाळा, मैत्रिणी ठीक चालल्या असतील तर राहू द्या; दोन मुलांना एकाच वेळी नव्या चाकोरीत घालण्याने पैसा वाचत नाही, तुमचा वेळ मात्र अर्धा होतो. मुलाला काढताना शाळेला राजीनाम्यासारखं साधं पत्र द्या: अमुक तारखेपासून वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र घरी लेखी अभ्यासक्रमाने शिकवू. टेक्सस सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या लीपर निकालानंतर त्यापुढे परवानगी लागत नाही.

राजीनाम्याआधी दोघांचाही टर्म विमा घ्या. तुमचाही, कारण तुम्ही नसाल तर केअर आणि शिकवणीचा सगळा खर्च नवऱ्यावर येईल. तुमच्यानंतर दोन्ही मुलांना कोण सांभाळेल, त्यांची नावं मृत्युपत्रात लिहा आणि त्यांची संमती घेऊन ठेवा.