मधल्या फेरीत २१०० झालं, यादीत दिसलं नाही : किताब मिळतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी पंधरा वर्षांची, बुद्धिबळ स्पर्धेत २०६८ मानांकनाने उतरली, सहाव्या फेरीनंतर २१०० च्या वर गेली, शेवटचे तीन डाव बिघडले आणि फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, एक तारखेच्या मानांकन यादीत २०७४ दिसलं. मग तुम्हाला सांगण्यात आलं की यादीत २१०० नाही म्हणजे डब्ल्यूएफएम (महिला फिडे मास्टर, २१०० ला मिळणारा किताब) नाही, विषय संपला. आमच्या लेकीला नेमकं हेच, जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं, म्हणून एवढं लांबण लावते आहे.

विषय संपलेला नाही. फिडेच्या किताबांच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की लागणारं मानांकन एकदा, कधीही गाठलं की पुरे. ते छापील यादीत यायलाच हवं असं नाही. महिन्याच्या मध्ये, अगदी चालू स्पर्धेच्या मध्येही गाठलेलं चालतं आणि किताबाच्या अर्जापुरते त्यानंतरचे डाव सोडून देता येतात. फक्त ते सिद्ध करायची जबाबदारी अर्ज पाठवणाऱ्या आपल्या देशाच्या महासंघाची असते. खरी मेख तिथेच आहे, कारण ज्याच्यावर जबाबदारी त्यालाच कंटाळा.

तुमचेच आकडे घेते. २०६८ वाली २२५० वाल्याशी खेळते तेव्हा तिच्याकडून अपेक्षा ०.२६ गुणाची. ती जिंकली, म्हणजे ०.७४ जास्त. अठराच्या आतली आणि २३०० च्या खालची असल्याने तिचा के (मानांकन किती झपाट्याने बदलतं तो गुणक) ४०, म्हणून २९.६ गुण. पुढच्या फेरीत २१६० वालीशी बरोबरी, अपेक्षा ०.३७, म्हणजे आणखी ५.२. पहिल्या चार डावांचा जमाखर्च शून्याच्या आसपास होता असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे २१०२ आणि वर थोडं. एका स्पर्धेतले सगळे डाव सुरुवातीच्याच मानांकनावर मोजतात, त्यामुळे हे गणित कोणीही कागदावर करू शकतं. तिचे आजवर तीस मानांकित डाव झालेले असावेत एवढं बघा, पंधराव्या वर्षी २०६८ म्हणजे झालेच असणार.

आता काय करायचं. त्या स्पर्धेच्या मुख्य पंचांना गाठा आणि सहाव्या फेरीअखेर एवढं मानांकन झालं असं सहीचं प्रमाणपत्र मागा. तशी शिफारस नियमातच आहे, तुम्ही कसली मेहरबानी मागत नाही आहात. लाइव्ह मानांकनाच्या साइटचा स्क्रीनशॉट घेऊन कोणाच्या दारात जाऊ नका, तो कोणी विचारात घेत नाही. एक खरी अट मात्र आहे. त्या कालावधीतल्या सगळ्या स्पर्धा फिडेकडे जाऊन मोजल्या गेल्याशिवाय मधलं मानांकन पक्कं धरत नाहीत. तेवढं थांबावं लागतं.

या 'थांबावं लागतं'चाच आमच्या बाबतीत खेळ झाला. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आधी म्हणाले, असा नियमच नाही. नियमाची छापील प्रत ठेवली तर म्हणाले, हा जुना असेल. जुना नाही हे दाखवल्यावर म्हणाले, वर विचारतो. मग पंचांचं प्रमाणपत्र हवं. ते दिलं. मग सगळ्या स्पर्धा मोजल्या जाईपर्यंत थांबा, आणि हे बरोबरच होतं, थांबलो. त्या मोजल्या गेल्या, पुढची यादी लागली, तिच्यापुढची लागली, फाइल त्याच टेबलावर. तेवढ्यात टेबलावरचा माणूस बदलला आणि नवा माणूस म्हणाला, अशी फाइल आमच्याकडे आलेलीच नाही. पोचपावती मागितली होती हो, तेव्हा शिक्का जागेवर नव्हता. शिक्क्याच्या चाव्या ज्यांच्याकडे होत्या ते कुठल्या तरी सत्कार समारंभाला गेलेले.

शेवटी लेकीने छापील यादीत सरळ २१०० ओलांडलं आणि किताब त्यावर आला. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? दोन गोष्टी बिघडल्या. बऱ्याच खुल्या स्पर्धांत किताबधारकांना प्रवेश शुल्कात सवलत असते, तो एक अख्खा मोसम आम्ही पूर्ण पैसे भरून खेळलो. दुसरी गोष्ट आजही मनातून जात नाही. महिला आयएमच्या (महिला इंटरनॅशनल मास्टर, डब्ल्यूआयएम) नॉर्मसाठी, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करून दाखवायच्या ठरावीक कामगिरीसाठी, नऊ डावांत निम्मे तरी प्रतिस्पर्धी किताबधारक लागतात, म्हणजे पाच, आणि सीएम, डब्ल्यूसीएम (कँडिडेट मास्टर, खुला आणि महिला) त्यात धरत नाहीत. परराज्यातल्या एका मुलीची कामगिरी नॉर्मला पुरेशी होती, बाकी अटीही बसत होत्या, किताबधारक भरले चार. पाचवी आमची असती. कागदावर ती 'विनाकिताब' होती. त्या मुलीची आई हातात पेन घेऊन निकालाच्या तक्त्यावर पुन्हा पुन्हा मोजत होती, आणि आमच्या नावापुढची रिकामी जागा मला दिसत होती. फाइल दाबून ठेवणाऱ्याला ही दुसरी मुलगी माहीतही नसेल.

म्हणून प्रत्येक कागद ईमेलने पाठवा, आणि प्रत्यक्ष दिलात तर त्याच दिवशी 'आज अमुक कागद दिले' असा ईमेल करा. शिक्का असो वा नसो, तारीख राहते. महासंघच अर्ज करायला नकार देत असेल तर खेळाडूला थेट फिडेकडे दाद मागता येते आणि शुल्क स्वतः भरून अर्ज करता येतो, हीही तरतूद आहे. पण 'नकार' लेखी कोणी देत नाही, सगळे 'बघतो' म्हणतात. ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास नकार समजू, असं आपणच लिहून टाकायचं. (मी वकील नाही, पंचही नाही. नियम बदलत असतात, अर्जाआधी फिडेच्या साइटवरची चालू आवृत्ती वाचा.)

तुमचा दुसरा प्रश्न, महिला किताबाच्या मागे लागावं की सरळ खुल्या गटातला (स्त्री-पुरुष दोघांसाठीचा) आयएम. इथे माझं मत जरा कडक आहे. मिळतोय तो किताब घ्या, पण त्यासाठी खेळू नका. गणित सरळ आहे, प्रत्येक महिला किताब खुल्या किताबापेक्षा दोनशे गुण खाली. डब्ल्यूजीएमला (महिला ग्रँडमास्टर) २३००, आयएमला २४००, जीएमला (ग्रँडमास्टर) २५००. तरी आपल्याकडे नावात 'ग्रँडमास्टर' आलं की सत्कार समितीला ते आयएमच्या वर वाटतं. एका शाळेच्या फलकावर आयएम मुलाचं नाव डब्ल्यूजीएम मुलीच्या खाली बघितलंय, आणि दुसरीकडे 'मुलींचं काय, सोपं असतं' म्हणणारेही ऐकलेत. दोघांनाही २३०० म्हणजे काय असतं ते एकदा पटावर बसून बघू दे.

मानांकन बायकांसाठी वेगळं नसतंच. एकच यादी, तिच्यातून महिलांची क्रमवारी काढतात. एकदा फिडेने वेगळेपणा करून बघितला होता. १९८७ च्या सुरुवातीला जगातल्या सगळ्या महिलांना सरसकट १०० गुण वाढवून दिले, फक्त हंगेरीच्या सुझान पोल्गारला सोडून, कारण म्हणे ती पुरुषांशीच जास्त खेळते. पहिल्या नंबरावरून ती एका रात्रीत खाली आली. तिची धाकटी बहीण जुदित महिला किताबांच्या वाटेला गेलीच नाही. पण प्रत्येक घरात जुदित नसते, आणि आपल्याकडच्या ईशा करवडे, गोव्याची भक्ती कुलकर्णी यांनी डब्ल्यूजीएम आणि आयएम दोन्ही घेतलेत. नागपूरच्या दिव्या देशमुखचंही तसंच, आणि जीएम तर तिला एकही जीएम नॉर्म हातात नसताना मिळाला, २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यावर थेट. महिला स्पर्धा नको म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. मात्र रोजचा खेळ खुल्या गटातच वाढतो. मुलींच्याच स्पर्धा खेळत राहिलं की त्याच आठ-दहा जणींत गुण फिरत राहतात.

नॉर्मचं जाताजाता. महिला आयएमला २२५० ची कामगिरी, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी निदान २०३०, तिघी-तिघे तरी डब्ल्यूआयएम किंवा वरचे, आणि एकूण नॉर्म मिळून २७ डाव, शिवाय मानांकन २२००. आपल्याकडच्या स्पर्धांत परदेशी प्रतिस्पर्ध्यांच्या अटीवर बरेच नॉर्म अडतात, पण राष्ट्रीय महिला अजिंक्यपदाला ती अट लागू नाही, त्यामुळे ती स्पर्धा चुकवू नका. नॉर्मचं प्रमाणपत्र सभागृह सोडायच्या आधी हातात घ्या. नावाचं स्पेलिंग फिडेच्या नोंदीशी जुळतंय ना ते बघा, आडनाव पुढे की मागे यावरून सुद्धा कागद परत येतात.

आणि घाई एकाच कारणासाठी करा. के ४० अठरावं वर्ष पूर्ण होईल त्या वर्षअखेरपर्यंतच मिळतो, पुढे २० होतो आणि तेवढ्याच चांगल्या खेळाला निम्मे गुण मिळतात. मोठे, मजबूत खुले गट आत्ताच खेळून घ्या. पंचांच्या प्रमाणपत्राचा आमचा मजकूर माझ्याकडे आहे, हवा असेल तर नावं खोडून पाठवते.