वाचक विचारतात: सुट्टीपुरती पार्कातली नोकरी

परीक्षा आटोपत आल्या की खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या थीम पार्कांत आणि ठिकठिकाणच्या वॉटर पार्कांत उन्हाळी गर्दीचे दिवस येतात, आणि जादा माणसांची गरज पडते. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राइडवर निवड झाली, चार दिवसांचं प्रशिक्षण आहे. मशीनमधलं काही कळत नाही. जमेल का? (एक वाचक, पेण)

मशीन लगेच तुमच्या हाती कोणी देत नाही. पॅनलवर बसतो तो ऑपरेटर. नव्या मुलाला आधी अटेंडंट म्हणून उभं करतात. सकाळची तपासणी मेंटेनन्सवाले करतात, रिकाम्या फेऱ्या मारून पाहतात आणि वहीत सही करतात. ती सही झाल्याशिवाय राइडवर माणूस घ्यायचा नाही, एवढं पहिल्या दिवशीच डोक्यात पक्कं करा.

तुमचं खरं काम आसनापाशी. एका टोकाच्या आसनापासून सुरुवात करायची. पट्टा असेल तर तो ओढून पाहायचा, मग लॅप बार (मांड्यांवर येणारा दांडा) किंवा खांद्यावरचा हार्नेस आधी खाली दाबायचा, नंतर वर खेचायचा. हाताने खेचायचा, नजरेने नाही. शेवटचं आसन झालं की पिवळ्या रेषेमागे जाऊन अंगठा दाखवायचा. दोन्ही बाजूंचे अंगठे दिसल्याशिवाय ऑपरेटर गाडी सोडत नाही. मधेच कोणी पाहुण्याने ‘दादा, टॉयलेट कुठे?’ विचारलं आणि तुम्ही मान वळवलीत, तर ती ओळ पुन्हा पहिल्या आसनापासून. आसन सुटतं ते बहुधा अशाच वेळी, किंवा दुपारच्या चाळिसाव्या फेरीला, जेव्हा हात नुसता बारवरून फिरतो आणि मन म्हणतं, ‘लागलाय.’

बार लॉक होऊनही माणूस सुटा राहू शकतो, हे प्रशिक्षणात नीट विचारून घ्या. आई आणि लहान मूल एकाच बारखाली बसले तर बार आईच्या मांड्यांवर टेकून थांबतो आणि मुलाच्या पोटापुढे वीतभर फट उरते. बार लागल्याचा दिवा मात्र हिरवाच असतो. म्हणून जोडीने कोणी बसायचं, मूल कोणत्या बाजूला, याचे त्या त्या राइडचे नियम असतात. ते पाठ हवेत. मांडीवरची पर्स, पोटाशी धरलेली पाण्याची बाटली यांनीही बार एक-दोन खाचा अलीकडे अडकतो. ओढणी, पदर आणि मोकळे लांब केस गो-कार्टवर सर्वांत घातक: चाकाच्या आसात अडकले की गळा आवळला जायला क्षणही लागत नाही. गाठ मारून भागत नाही, ओढणी काढून ठेवायला सांगा.

उंचीचा वाद रोजचा. मूल रांगेच्या सुरुवातीलाच मोजा. तासभर उभं राहून दारातून परत पाठवलं तर बाप चिडणारच. टाचा टेकलेल्या, केसांचा बुचडा सोडून, मान सरळ. दोन सेंटिमीटर कमी म्हणजे कमी. ‘मला वाटतं लहान आहे’ असं म्हणू नका, खुणेकडे बोट दाखवा. आवाज चढला तर सुपरवायझरला बोलवा. तुम्ही हुज्जत घालत बसलात की तिकडे आसनं तपासायला कोणी राहत नाही.

आणखी एक गैरसमज. लाल बटण दाबलं की राइड जागीच थांबते असं नव्याला वाटतं. रोलर कोस्टरच्या रुळावर ब्रेक ठरावीक जागीच असतात. उतारावर सुटलेली गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या फ्लोअरलेस कोस्टरवर तर गाडी सुटण्याआधी पायांखालची फरशीच बाजूला होते. म्हणून कुंपणाच्या आत पडलेली टोपी, चप्पल, मोबाइल काहीही असो, ते आणायला आत जायचं नाही. राइड बंद करून, तिची चावी काढून घेतल्यावर ज्याला परवानगी आहे तोच जातो, आणि चावी त्याच्याच खिशात असते.

प्रश्न : विहिरीत पोहत लहानाचा मोठा झालो. वॉटर पार्कात लाइफगार्ड म्हणून घेतील का? (एक वाचक, माणगाव)

पोहणं येतं ही सुरुवात झाली. कामाचा मोठा भाग पोहण्याचा नाहीच, पाहण्याचा आहे. बऱ्याच ठिकाणी १०-२० चा नियम शिकवतात: आपल्या वाट्याचा पाण्याचा भाग १० सेकंदांत तळासकट नजरेखालून घालायचा आणि अडचणीतल्या माणसापर्यंत पुढच्या २० सेकंदांत पोचायचं. बुडणारा माणूस ओरडत नाही; तोंड पाण्याच्या पातळीवर, हात बाजूला पाणी दाबताहेत, पाय हलत नाहीत. गलका करणारी पोरं बहुधा ठीक असतात, गप्प झालेलं पाहायचं. नजर थकते म्हणून जागा अदलाबदल होते. रिलीव्हर, म्हणजे बदली गार्ड, येऊन पाण्याकडे पाहू लागेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

वेव्ह पूलमध्ये (कृत्रिम लाटांच्या तलावात) आधी लाटा बंद करायचं बटण, शिटी, मग उडी. सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) शिकूनच रुजू व्हा: मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. बुडालेल्याला मात्र आधी श्वास द्यायचा असतो, कारण त्याचं हृदय प्राणवायूअभावी थांबलेलं असतं.

सुती कपड्यांवर बंदी का, असं लोक भांडून विचारतील. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये बसतात. नायलॉनचं तसं होत नाही. आणि डोळे चुरचुरले, उग्र वास आला की ‘क्लोरीन जास्त टाकलंय’ म्हणतात. तो वास क्लोरीन घाम-लघवीशी मिसळून तयार होणाऱ्या संयुगांचा असतो. आधी शॉवर घ्यायला लावतात ते त्यासाठी.

प्रश्न : दिवसभर उन्हात उभं राहावं लागेल. काय तयारी करू? (एक वाचक, कर्जत)

नवे बूट घालून पहिल्या दिवशी जाऊ नका. आठवडाभर आधी वापरून मऊ करा. संध्याकाळी पाय सुजतात, तेव्हा अर्धा नंबर मोठे घ्या. मोज्यांचा दुसरा जोड बॅगेत, जेवणाच्या सुट्टीत बदला.

आपल्याकडची हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी काही घोट पाणी. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी ग्लासात ढवळली तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. सहकारी असंबद्ध बोलू लागला, त्वचा तापली, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि प्रथमोपचार कक्षाला कळवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका.

प्रश्न : नोकरी कंत्राटदारामार्फत आहे. १४,००० सांगितले, हातात किती येतील? (एक वाचक, लोणावळा)

पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असून सगळी रक्कम मूळ वेतन धरली तर पीएफ १२ टक्के, म्हणजे १,६८०. ईएसआय ०.७५ टक्के, म्हणजे १०५. व्यवसाय कर २०० (महिलांना २५,००० पर्यंत माफ). उरले १२,०१५. जेवणाचे किंवा बसचे पैसे कापणार का, हे वेगळं विचारा. आठवड्याला ४८ तासांवर काम झालं की जादा तासांचा दर दुप्पट. हजेरीचा फोटो रोज काढून ठेवा.

कापले म्हणजे भरले असं नाही. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, मागून घ्या आणि महिन्याने पीएफचं पासबुक उघडून पाहा. आधी कुठे काम केलं असेल तर जुनाच यूएएन द्या. आधारवरच्या नावाचं स्पेलिंग जुळलं नाही तर पैसे काढताना अडतं. ईएसआयचं ई-पहचान कार्ड घ्या, कामावर हात मोडला तर तेच उपयोगी पडतं. गणवेशासाठी अनामत मागितली तर पावती हवी. मूळ गुणपत्रिका कोणालाही देऊ नका, झेरॉक्स पुरते. ‘हंगाम पूर्ण केल्यावर बोनस’ म्हटलं असेल तर शेवटची तारीख लेखी घ्या. जूनमध्ये प्रवेशाची धावपळ त्याच आठवड्यात आली की बोनस जातो.

प्रश्न : मुलीला शिफ्टमध्ये मोबाइल ठेवू देत नाहीत म्हणे. मग संपर्क कसा? (एक पालक, पनवेल)

राइडवर आणि पूलवर नाहीच ठेवू देत, आणि ते बरोबर आहे. फोन लॉकरमध्ये. पार्कच्या सुरक्षा कक्षाचा नंबर, मुलीच्या विभागाचं नाव आणि कर्मचारी क्रमांक घरी लिहून ठेवा. निरोप तिच्यापर्यंत पोचतो. स्टाफ बसच्या चालकाचा नंबरही घ्या, आणि गर्दीच्या दिवशी पार्क उशिरा बंद झालं तर बस थांबते की नाही, हे आधीच विचारा.