आर्गस कॅमेरे कोणी बनवले आणि ते इतके स्वस्त कसे होते?
आर्गसचं मूळ रेडिओत आहे. महामंदीच्या काळात अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथली इंटरनॅशनल रेडिओ कॉर्पोरेशन ही कंपनी स्वस्त रेडिओ बनवायची. बेकेलाइट या जुन्या प्रकारच्या कडक प्लास्टिकची खोकी साच्यातून काढायचा अनुभव होताच, तोच कॅमेऱ्याला कामी आला. १९३६ मध्ये ‘आर्गस ए’ फक्त साडेबारा डॉलरला आला. जर्मन लायका तेव्हा सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. ३५ मिमी फिल्म अमेरिकेत घरोघरी रुजवण्याचं मोठं श्रेय मी आर्गसलाच देईन.

खरा गाजला तो १९३९ चा ‘सी-३’. ठोकळेबाज आकारामुळे लोक त्याला ‘वीट’च म्हणत. फोकसची दातेरी चाकं बाहेरच दिसतात, शटर (फिल्मवर क्षणभर प्रकाश सोडणारी झडप) दर फोटोआधी खटका ओढून हाताने तयार करावं लागतं, पण यंत्रणा साधी नि दणकट. १९६६ पर्यंत वीस लाखांहून जास्त विकले गेले.