थँक्सगिव्हिंगला धावायचंय? मग आधी एवढं ठरव

प्रिय लेकी,

दोन मुलं, नोकरी आणि घर सांभाळून थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत येणाऱ्या सणाच्या) सकाळची ५के, म्हणजे पाच किलोमीटरची धाव, जमेल का, असं तू विचारलंस. जमेल. पण नाव नोंदवण्याआधी एक ठरव: ही धाव तुझी आहे की मुलांची? दोन्हीत आनंद आहे. मात्र एकाच धावेत दोन्ही साधायला गेलीस, तर तुझं लक्ष घड्याळाकडे राहील, मुलाचं बुटाच्या नाडीकडे, आणि शेवटी दोघंही रडकुंडीला याल. तुझी असेल तर मुलं नवऱ्याकडे सोपव आणि मोकळ्या मनाने धाव. मुलांची असेल तर घड्याळ घरीच ठेव. एका वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरी, असंही चालेल.

मला ही प्रथा मनापासून आवडते. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमध्ये वायएमसीए या संस्थेने १८९६ साली पहिला टर्की ट्रॉट (या सणाला खातात त्या टर्की पक्ष्याच्या नावाची धाव) घेतला, तेव्हा जेमतेम सहा जण धावले होते. ती आठ किलोमीटरची धाव आजही होते, आणि आता गावोगावी असे ट्रॉट असतात, बहुतेक ५केचे, म्हणजे ३.१ मैलांचे. डोक्यावर टर्कीच्या टोप्या घातलेले आजोबा, शाळेतली पोरं, गप्पा मारत चालणाऱ्या बायका, सगळे एकाच रस्त्यावर. त्यामुळे शेवटी येण्याची धास्ती मनातून काढून टाक.

आपल्यासारख्या घरांना हा दिवस सोयीचाही आहे. दिवाळीत इथे बहुतेकांना ऑफिस असतं, फराळ वीकेंडला उरकावा लागतो. थँक्सगिव्हिंगला मात्र जवळपास सगळं बंद. सासर-माहेर दोन्ही समुद्रापलीकडे, म्हणून दुपारी कोणाकडे तरी पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण), आणि सकाळ रिकामी. त्या सकाळी दरवर्षी आपल्या घरातलं कुणीतरी धावतं, हे मुलांच्या अंगवळणी पडलं तर तो सण त्यांचाही होईल.

आता सराव. ‘काउच टू ५के’ नावाचा नऊ आठवड्यांचा क्रम आहे, जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये बांधलेला. आठवड्यातून तीनदा, साधारण अर्धा तास. सुरुवातीला थोडं धावायचं, थोडं चालायचं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपासून नऊ आठवडे मागे मोजलेस तर सप्टेंबरच्या २० ते २६ मधला गुरुवार येतो. मध्ये दिवाळी येणार, तेव्हा एखादा आठवडा हातचा धर.

खरी अडचण पायांची नसते, त्या तीन अर्ध्या तासांची असते. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. ‘वेळ मिळाला तर जाईन’ असं म्हणू नकोस. लहान मुलांच्या घरात उरलेला वेळ नावाची गोष्ट नसते. झोपेतूनही काढू नकोस. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईने पहाटे पाचचा गजर लावला की दुसऱ्या आठवड्यात आजारपण येतं. तो वेळ घरात मागून घे, स्पष्ट शब्दांत. नवऱ्याचं रविवारचं क्रिकेट कॅलेंडरवर असतं ना? मग तुझे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारही त्याच कॅलेंडरवर लिही. त्या अर्ध्या तासात मुलांनी काय खाल्लं, कुणाचा मोजा हरवला, हे त्याचं खातं. परत आल्यावर स्वयंपाकघर बघून बोलू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी निघताना तुलाच अपराधी वाटेल. तू मदत मागत नाहीयेस, वाटणी करतेयस. हे फोनवर बोलताना तुझा आवाज खाली जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शिवाय काही वेळ आयता पडलेला असतो. थोरला मराठी शाळेत असतो तेव्हा आपण आया बाहेर गाडीत फोन बघत बसतो. बूट गाडीत ठेव आणि त्या आवाराला फेऱ्या मार.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि तुमच्या न्यू जर्सीत महिनाअखेरीस साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसनंतर धावणं म्हणजे अंधारात धावणं. चमकणारं जाकीट आणि कपाळावरचा दिवा घे, फूटपाथ नसेल तर समोरून गाड्या येताना दिसतील अशा बाजूने धाव, आणि दोन्ही कानांत गाणी लावू नकोस.

धाकटी अजून वर्षाची नाही, म्हणून दोन गोष्टी. पहिली तुझ्या शरीराची. बाळंतपणानंतर निदान तीन महिने तरी धावू नये, असं ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये लिहून ठेवलं आहे. तू तो काळ ओलांडला आहेस, पण धावताना लघवी निसटत असेल किंवा ओटीपोटात खाली ओढल्यासारखं वाटत असेल, तर थांब आणि पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टला दाखव. आपल्या बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात. बाळंतपणानंतर असं व्हायचंच, म्हणतात. त्यावर उपचार आहेत, म्हणून तू तसं म्हणू नकोस.

दुसरी स्ट्रोलरची, म्हणजे बाबागाडीची. मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला त्यात बसवून धावू नकोस. मान आणि पाठ धक्के सोसण्याइतकी घट्ट झाली आहे का, ते त्यांना सांगू दे. साधा स्ट्रोलर चालणार नाही. तीन मोठ्या चाकांचा, धावण्यासाठीच बनवलेला हवा. पुढचं चाक लॉक कर आणि पट्टा मनगटात अडकव. काही ठिकाणी स्ट्रोलरला मनाई असते, काही ठिकाणी सर्वांत मागून सुटावं लागतं, तेव्हा नियम आधी वाच. आणि हे विसरू नकोस: तू धावून तापतेस, ती मात्र नुसती बसलेली असते. तुला एक थर जास्त झाला असं वाटेल तेव्हाही तिला थंडी वाजत असते. टोपी, हातमोजे, पायांवर पांघरूण.

थोरल्यासाठी बऱ्याच ठिकाणी मुलांची छोटी धाव वेगळी असते. सहा वर्षांच्या मुलाला ती पुरे. तरी तुझ्याबरोबर ५के करायचा हट्ट धरलाच, तर तो सुरुवातीला सुसाट सुटेल आणि पाच मिनिटांत फतकल मारून बसेल. अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावले. पुढे त्यांनी लोकांना शिकवलं ते हेच, की दमण्याची वाट न पाहता पहिल्यापासून मधे मधे चालायचं. थोरल्याबरोबर तसंच कर: एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, आणि मिनिटं त्याला मोजू दे. पहिल्या मैलाला ‘बास’ म्हणाला तर बास. पदकासाठी त्याला ओढत नेऊ नकोस, नाहीतर पुढच्या वर्षी तो बूटच घालणार नाही.

बिब (छातीवर लावायचा नंबर) आणायला बुधवारवर राहू नकोस, त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असतं. सुट्टीच्या सकाळी पार्किंगही लांब मिळतं, घरून लवकर निघा. पॉटलकला असं काही कबूल कर जे आदल्या रात्री होईल. भरली वांगी मुरल्यावर चांगलीच लागतात. पुऱ्यांचं मात्र कुणाला वचन देऊ नकोस.

नोंदणी या आठवड्यातच कर, तारीख जवळ आली की शुल्क वाढतं. टी-शर्टचं माप एक नंबर मोठं टाक, आत गरम कपडे घालावे लागतील.

तुझी,
मावशी